हॅलिगन बे, डिसेंबर १९९८ : पाणी शिल्लक होतं

"वहिनी, साठ किलोमीटर म्हणजे काय हो? आळंदीहून पंढरपूरला लोक अडीचशे चालत जातात."

जुलैतल्या प्रवासाआधी अ‍ॅडलेडच्या आमच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसलो होतो, तेव्हा भाऊजी हे म्हणाले. ते नाशिकहून लेकाला घेऊन आले होते. आम्ही दोघं आणि ते दोघं, असे चौघं आठ दिवस तंबू टाकत आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात, फिरणार होतो. भाऊजींनी चार वाऱ्या पायी केल्या आहेत, त्यामुळे बोलणं पोकळ नव्हतं. पण नकाशावर त्यांचं बोट ज्या वाटेवर होतं, त्याच वाटेवर १९९८च्या डिसेंबरात एका धडधाकट तरुणीने असाच काहीसा हिशोब केला असणार. त्या प्रकरणाची टिपणं मी आधी स्वतःपुरती काढली होती. ती त्यांना वाचायला दिली. इकडे राहणारे आणि सुट्टीत पाहुण्यांना घेऊन 'जरा आत' जाणारे मराठी लोक आता बरेच आहेत, म्हणून तीच जरा नीट करून मांडते.

जागा

साउथ ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात मारी ते मार्ला असा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो, ऊडनाडाटा ट्रॅक. जुनी घॅन रेल्वे याच पट्ट्यातून धावायची. ती रुळवाट १९८० साली बंद झाली. रेल्वे येण्याआधी इथला माल उंटांवरून जायचा, आणि ते उंट हाकायला अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाबकडची माणसं आणली होती. गोऱ्यांनी सगळ्यांनाच 'अफगाण' म्हटलं आणि गाडीला 'घॅन' हे नाव चिकटलं. उंटांचा विषय पुढे टायरच्या संदर्भात परत येणार आहे.

या रस्त्याच्या अधेमधे विल्यम क्रीक आहे. गाव म्हणायला संकोच वाटावा इतकं लहान. एक हॉटेल, पेट्रोल, धावपट्टी आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं. भोवती अ‍ॅना क्रीक हा गुरांचा मळा, अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढा, त्यात माणसं एका एसटीत मावतील. विल्यम क्रीकच्या जरा दक्षिणेला एक वाट पूर्वेकडे फुटते आणि काटी थांडा–लेक आयर या खाऱ्या तळ्याच्या काठाला, हॅलिगन बे इथे जाऊन संपते. गावापासून अंतर सुमारे ६० किलोमीटर. वाट पुढे कुठेच जात नाही. जो येतो तो तळं बघायलाच येतो आणि त्याच वाटेने परततो.

तळं म्हणजे बहुतेक वर्षं नुसतं मीठ. ऑस्ट्रेलियाचा सर्वांत खोल भाग हाच, समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली. खंडाच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाचं पाणी उतारावरून इकडेच येतं, पण वाटेत आटतं. १९७४सारख्या एखाद्या वर्षीच ते भरून वाहतं. पाऊस वर्षाला सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपला माणदेश त्यापुढे सुपीक. आणि ऊन? याच रस्त्यावरच्या ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदले गेले होते.

जुलैत इथे हिवाळा असतो, रात्री शाल लागते, आणि वाटेवर दिवसात काही गाड्या तरी दिसतात. डिसेंबरात कुणीही नसतं. युरोपातून येणाऱ्याला नाताळची सुट्टी म्हणजे प्रवासाचा हंगाम वाटतो. इथे तो कडक उन्हाळा असतो. प्रकरणाची पहिली चूक कॅलेंडरात आहे, आणि ती आपल्या हातून होणंही सोपं आहे, कारण भारतातल्या पाहुण्यांना दिवाळीनंतरच 'थंडीत फिरायला' सुचतं.

काय झालं

ऑस्ट्रियाचं एक तरुण जोडपं भाड्याची फोर बाय फोर कॅम्परव्हॅन घेऊन फिरत होतं. ती २८ वर्षांची. विल्यम क्रीकच्या हॉटेलात एक वही ठेवलेली असे. तळ्याकडे जाणाऱ्याने नाव, गाडी आणि परत येण्याची वेळ लिहायची. दोघांनी लिहिलं आणि ते हॅलिगन बेला पोचले. तिथे गाडी वाळूत रुतली. खणून, धक्के मारून निघेना.

त्यांनी लगेच चालायला सुरुवात केली नाही, हे आवर्जून सांगायला हवं. काही दिवस ते गाडीपाशी थांबले. गाडीत पाणी होतं, खाणं होतं, आणि तळ्याकाठच्या तळावर पाण्याची टाकीही होती. वहीत नाव आहे, ठरलेल्या वेळी आपण पोचलो नाही, तर कुणीतरी येईलच, असं मानायला त्यांना पूर्ण जागा होती. कुणी आलं नाही. नोंद झाली होती, पण त्या नोंदीवरून शोध निघाला नाही.

मग दोघं पाणी घेऊन विल्यम क्रीकच्या दिशेने चालू लागले. काही अंतरावर त्याला झेपेना. तो गाडीकडे परतला. ती पुढे निघाली. निम्मं अंतर तिने कापलं. त्या वाटेने योगायोगाने येणाऱ्या पर्यटकांना तिचा मृतदेह सापडला. तिच्याजवळच्या बाटल्यांमध्ये पाणी शिल्लक होतं. तो गाडीपाशी जिवंत मिळाला.

आणि गाडी? पोलिसांनी टायरमधली हवा कमी केली आणि गाडी बाहेर निघाली.

टायर

हा भाग मी सगळ्यांत जास्त वेळा वाचला, कारण तो सगळ्यांत असह्य आहे. पंक्चर नाही, इंजिन बंद नाही, काहीही तुटलेलं नाही. फक्त हवा जास्त.

डांबरी रस्त्यावर अशा गाडीच्या टायरात साधारण ३६ ते ४० पीएसआय हवा असते. तेवढ्या हवेत टायर गोल आणि कडक राहतो, जमिनीला तळहाताएवढाच टेकतो. वाळूवर तो तळहात गाडीचं सगळं वजन घेऊन खाली घुसतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचाच खड्डा खोल करतं. हवा १६-१८वर आणली की टायर पसरतो, मुख्यतः लांबीने. तेच वजन दुपटीच्या आसपास जागेवर विभागलं जातं आणि चाक वाळूत न घुसता वाळूवर चालतं. उंटाचं पाऊल बघा, घोड्यासारखं टणक खूर नाही, मऊ पसरट गादी. शंभर वर्षांपूर्वी याच वाटेवर ते तत्त्व रोज पायाखाली होतं.

मग त्यांना हे का कळलं नाही? मला वाटतं, कारण ते सहजबुद्धीच्या उलट आहे. आपल्याकडे चाकात हवा कमी असणं म्हणजे बिघाड. लहानपणापासून सायकलचं चाक दाबून बघत आपण मोठे होतो. अडचणीत सापडलेला माणूस जोर वाढवतो, कमी करत नाही. आणि भाड्याच्या गाडीच्या टायरमधली हवा आपणहून सोडायची, परत भरायची सोय जवळ नसताना, हे धाडस तर कुणालाच होणार नाही. म्हणून माझ्या मते 'हवा कमी करा' या सल्ल्याचा अर्धा भाग छोटा कॉम्प्रेसर आहे. बॅटरीवर चालणारा, चपलांच्या खोक्याएवढा. तो गाडीत असला की हवा सोडायला हात धजावतो. अर्थात कमी हवेत वेग कमी ठेवायचा आणि कडक रस्त्याला लागताच परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो.

आम्ही हे अ‍ॅडलेडजवळच्या, गाडी न्यायला परवानगी असलेल्या एका किनाऱ्यावर मुद्दाम करून पाहिलं. पुतण्याने वाळूत गाडी रुतवली (हे काम त्याला फार आवडलं), वीस मिनिटं आम्ही फावड्याने खणलं, काही उपयोग नाही. मग चारही चाकांची हवा १८वर आणली. गाडी पहिल्या झटक्यात मागे आली. भाऊजी काहीच बोलले नाहीत. नुसते वाकून टायरचा वाळूतला ठसा बघत राहिले.

पाणी

लोक या प्रकरणाला 'तहानेने मृत्यू' म्हणून मोकळे होतात. पण शिल्लक पाणी त्या म्हणण्यात बसत नाही. इथे मारेकरी उष्णता आहे, आणि हा फरक समजला नाही तर माणूस 'पाणी भरपूर घेतलंय ना, मग चल' असं म्हणतो.

चालणारं शरीर स्वतःच भट्टी असतं. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा उष्णता होऊन बाहेर पडतो. हवा चाळीसच्या वर गेली की ती शरीराला थंड करत नाही, उलट तापवते. वरून ऊन आणि खालून तापलेली जमीन. उरतो एकच मार्ग, घाम. कडक उन्हात चालताना तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो, आणि पोट तासाला साधारण एक लिटरहून जास्त पाणी पचवून रक्तात पोचवू शकत नाही. म्हणजे बाटली तोंडाला लावून चाललात तरी तूट वाढत जाते. शरीराचं आतलं तापमान ४०च्या वर गेलं की आधी डोकं बिघडतं. दिशा, वेळ, 'आपल्याला तहान लागली आहे' ही जाणीव, सगळंच. पाठीवर पाणी असून न पिणं त्यामुळे शक्य होतं.

आता साधा त्रैराशिकाचा हिशोब. ६० किलोमीटर, ताशी ४ म्हटलं तर १५ तास, न थांबता. तासाला एक लिटर धरलं तरी १५ लिटर, म्हणजे १५ किलो ओझं, आणि त्या ओझ्याने वेग कमी, म्हणजे तास जास्त, म्हणजे पाणी जास्त. हे गणित सुटतच नाही. रात्री चाललात तर थोडं बरं, पण एका रात्रीत ६० होत नाहीत. सकाळ उजाडते तेव्हा तुम्ही अधल्यामधल्या कुठल्यातरी जागी असता, सावलीशिवाय.

भाऊजींच्या वारीचं उत्तर इथे आहे. वारकरी दिवसाला साधारण वीस किलोमीटर चालतो, आषाढाच्या ढगाखाली, लाखोंच्या सोबतीने. पुढे पाण्याचा टँकर, मागे रुग्णवाहिका, दर दोन मैलांवर कुणीतरी हाताला धरून चहा पाजणारं. अडीचशे किलोमीटर एकटा माणूस चालत नाही, त्याला अख्खा पुणे-सोलापूर पट्टा चालवतो. हॅलिगन बेच्या वाटेवर यातलं काहीच नाही. भाऊजींना हे पटलं. म्हणाले, "दिवे घाट एकट्याने, मे महिन्यात, दुपारी चढायचा म्हटला तर मीपण नाही म्हणेन."

थांबणं

या प्रकरणात एक क्रूर तुलना आपोआप घडली आहे. एकच गाडी, एकच ऊन, निघण्याचा एकच निर्णय. एकाने तो मधेच मागे घेतला आणि तो वाचला. त्याने काही शहाणपणाने हिशोब केला असं नाही, त्याचं शरीर थकलं. जिचं शरीर जास्त काटक होतं, ती गेली. म्हणून 'मी फिट आहे' हे इथे संरक्षण नाही, उलट धोका आहे. फिट माणूस सावलीपासून जास्त दूर पोचतो.

गाडी सोडू नका, हा सल्ला ऑस्ट्रेलियात पाटीपाटीवर आहे. बर्ड्सव्हिल ट्रॅकवर १९६३च्या डिसेंबरात एक अख्खं कुटुंब, पाच जण, पेट्रोल संपल्यावर गाडी सोडून निघालं आणि त्यातलं कुणीच वाचलं नाही. तेव्हापासून ही गोष्ट इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तरी माणसं निघतात. का?

माझं मत असं की बसून राहणं हे आपल्याला काम वाटतच नाही. 'हातावर हात ठेवून बसू नकोस' हे मराठी घरात रोज कानावर पडतं. संकटात जो हातपाय हलवतो तो जबाबदार, जो बसतो तो आळशी किंवा घाबरट. ऑस्ट्रियन घरांत वेगळं शिकवत असतील असं वाटत नाही. पहिल्या दिवशी थांबणं जमतं. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी, जोडीदार समोर बसलेला असताना, 'मी काहीच करत नाहीये' ही टोचणी उन्हापेक्षा असह्य होत असावी. म्हणून नुसतं 'थांबा' सांगून भागत नाही, थांबण्याला कामं जोडून द्यावी लागतात. इंजिन थंड झाल्यावर गाडीच्या सावलीच्या बाजूला वाळू उकरून खड्डा करा, वरचा तापलेला थर गेला की खाली गारवा असतो. ताडपत्री गाडीला बांधून मांडव घाला. स्टेपनीतली हवा पूर्ण काढून तिला गाडीपासून दूर नेऊन ठेवा. विमानाचा आवाज आला की डिझेल शिंपडून पेटवायची, काळा धूर लांबून दिसतो. आरसा हाताशी ठेवा. पाणी मोजा, वहीत लिहा. हे सगळं पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी पडून राहणं, आणि तेही कामच.

विल्यम क्रीकहून पर्यटकांना तळं दाखवायला छोटी विमानं उडतात. आम्हीही एका विमानात बसलो. वरून बघितल्यावर कुणाला समजवायची गरज उरत नाही. पांढरी गाडी आणि तिच्या टपावरची काच मैलभरावरून चमकत होती. तिच्या शेजारी उभी असलेली माणसं शोधायला पायलटला बोट दाखवावं लागलं.

वही

माझ्या दृष्टीने प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न वहीचा आहे. त्यांनी नियम पाळला होता. नाव लिहिलं होतं. पण वहीला डोळे नसतात. नोंद घेणं आणि नोंदीची वाट बघणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम ठरावीक माणसाचं नसेल तर ते कुणाचंच नसतं. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये आपण सही करतो ना, तसं. त्यात आपण बाहेर पडलो की नाही, हे कोण तपासतं?

त्यात १९९८ साली दुसरा आधार जवळजवळ नव्हता. इरिडियमची सॅटेलाइट फोन सेवा त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झाली होती, म्हणजे भाड्याच्या गाडीतल्या प्रवाशाला तिचं नावही माहीत असण्याचं कारण नाही. आज पर्सनल लोकेटर बीकन मुठीत मावतं, काही शे डॉलरला मिळतं. ४०६ मेगाहर्ट्‌झवर ते उपग्रहाला हाक देतं आणि कॅनबेरातल्या बचाव केंद्रात तुमचं नाव, गाडी, घरच्यांचा नंबर पडद्यावर येतो. अट एवढीच की ते आधी नोंदवलेलं हवं, आणि नोंदणी फुकट आहे. आम्ही एक विकत घेतलं आणि पुतण्याच्या गळ्यात अडकवलं, कारण घरातली एवढी एकच वस्तू तो कधी हरवत नाही असं त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं. मला ते धाडसाचं वाटलं. दुसरं मग माझ्या कमरेला लावलं.

पण यंत्रापेक्षा मला माणूस हवा होता. म्हणून नाशिकला जाऊबाईंना कामाला लावलं. रोजचा मुक्काम, रोजची वाट, गाडीचा नंबर, रंग, बीकनची माहिती आणि साउथ ऑस्ट्रेलिया पोलिसांना भारतातून लावायचा नंबर, असा एक कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटला. हॅलिगन बेचा दिवस लाल पेनने. त्या संध्याकाळी कूबर पेडी या मुक्कामाच्या गावी पोचून आमचा मेसेज आमच्या सहापर्यंत, म्हणजे त्यांच्या दुपारी दोनपर्यंत. नाही आला तर आणखी दोन तास वाट. चारला फोन. 'ताई, पण तुम्ही नुसत्या गप्पा मारत बसला असाल तर?' असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तरीही फोन.

तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्या तरुणीचं स्मृतिचिन्ह आहे. तिथे आम्ही थांबलो. हवा गार होती, माशा फार होत्या, आणि दोन्ही दिशांना वाट सरळ, रिकामी. भाऊजींनी टोपी काढली. तळ्याकाठी चहा केला, मीठ बघितलं, दुपारी निघालो.

विल्यम क्रीक सोडल्यावर कूबर पेडीच्या अलीकडे एका धारदार दगडाने मागचं चाक फाडलं. स्टेपनी बदलायला अंधारात, जॅकखाली फळी सरकवत, दीड तास गेला. रेंज कुठेच नव्हती. गावाचे दिवे दिसले तेव्हा आठला दहा मिनिटं होती, आणि त्याच क्षणी माझा फोन थरथरायला लागला. नऊ मिस्ड कॉल, पहिला सहा वाजून एक मिनिटाचा. मी लावला तर पहिल्या रिंगलाच उचलला.

"ताई, चारला दहा कमी आहेत. कागद हातात घेऊन बसलेय," जाऊबाई म्हणाल्या. "आता आधी यांना द्या फोन."